हसणाऱ्यांची नावं

हसणं हा गुन्हा आहे का, असं मला कुणी लॉ कॉलेजात विचारलं असतं, तर मी विचारणाऱ्यालाच हसले असते. मी तेव्हा सांगलीत शिकत होते. सुप्रीम कोर्टानं आयटी कायद्यातलं ते बदनाम कलम नुकतंच रद्द केलं होतं, ज्याच्या जोरावर पोलिस एका लाईकवरून पोरींना उचलून नेत असत. आम्ही वर्गणी काढून कँटीनमध्ये मिसळ खाल्ली. माणसानं काय बोलावं आणि कशाला हसावं हे पोलिस ठाण्यात ठरणार नाही, एवढीच साधी गोष्ट कोर्टानं सांगितली होती, पण आम्हाला घरचं लग्न लागल्यासारखं झालं होतं. आता मी गावाकडं, तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. बांधाची भांडणं, वाटण्या, न वटलेले चेक. आणि राजेश्वरीची केस.

राजेश्वरी ही आकाराम सुभेदारांची मुलगी. सुभेदार फौजेतून निवृत्त होऊन गावी आले, तेव्हा बाकीच्यांसारखे ते बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसले नाहीत आणि निवडणुकीलाही उभे राहिले नाहीत. त्यांनी माळावरचे दगड पोरांकडून वेचून घेतले, चुन्यानं गोल आखला आणि भरतीची तयारी करून घ्यायला सुरुवात केली. टेंभू योजनेचं पाणी आल्यावर ज्यांच्या रानात ऊस उभा राहिला त्यांची पोरं तिथं यायची आणि ज्यांना रानच नाही त्यांचीही यायची. शिव्या सगळ्यांना सारख्याच मिळायच्या.

त्यांचा एक नियम होता. पहाटे ग्रुपवर त्यांचा मेसेज पडायचा, आज कुठं जमायचं, किती पळायचं. तो बघितला की प्रत्येकानं त्यावर अंगठ्याचं चित्र दाबायचं. हीच हजेरी. ज्याचा अंगठा नाही त्याला माळावर बेडूकउड्या. त्यामुळं पोरांना अशी सवय लागली होती की मोबाईलवर काहीही पडो, आधी बोट जायचं आणि मग डोळे. पहिल्यानं जे चित्र दाबलं तेच मागचे दाबायचे. पोरांनाच कशाला नावं ठेवा? आमच्या भावकीच्या ग्रुपवर नाथाजीकाकांच्या बायपासची बातमी आली, पहिल्यानं गडबडीत 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं आणि मागून सगळ्या भावकीनं हात जोडले. काका दवाखान्यातून एकेकाला 'धन्यवाद' लिहीत होते.

राजेश्वरी पोलिस भरतीची तयारी करत होती. त्या दिवशी माळावर सरावाची चाचणी होती. पळता पळता तिची पाळी आली, वेळेच्या बरीच आधी, आणि पँटवर डाग पडला. तिला ते कळलं, पण ती थांबली नाही. रेषा ओलांडल्याशिवाय थांबायचं नाही, असं बापानंच शिकवलेलं. ती मुलींत पहिली आली. मागून कुणीतरी ते सगळं मोबाईलवर धरलं होतं. संध्याकाळपर्यंत त्या व्हिडिओला गाणं लागलं, वर दोन ओळी चढल्या, ज्या मी इथं लिहिणार नाही, आणि तो पोरांच्या ग्रुपवर पडला. हा ग्रुप वेगळा, यात सुभेदार नव्हते. तिथून तो व्हिडिओ आटपाडी, जत, विटा असा सुटला. कोयनानगरला राजेश्वरीचे मामा धरणाच्या कॉलनीत राहतात. तिथं तिच्या मामेबहिणीला तो कुणीतरी एसटीत दाखवला, बघ कसली भारी रील आहे म्हणून.

राजेश्वरी त्यानंतर माळावर गेली नाही. मग दुकानात जायची थांबली, मग दारातही यायची थांबली. आईनं जेवायला हाक मारली तर ताट आत मागवायची. सुभेदार रोज पहाटे बूट घालून तिच्या खोलीबाहेर उभे राहायचे, जरा वेळ थांबायचे आणि एकटेच माळावर जायचे. हे मला तिच्या आईनं सांगितलं. सुभेदार स्वतः असलं काही सांगणारे नव्हेत.

तक्रार तिचीच लागणार होती, म्हणून तिला कसंबसं बाहेर काढून ते आम्हा दोघींना पोलिस ठाण्यात घेऊन गेले. तिथल्या साहेबांनी व्हिडिओ पूर्ण बघितला, मग म्हणाले, "डिलीट मारा की. मी पोरास्नी बोलवून समज देतो. उगं पोरीचं नाव कशाला वाढवताय?" माझं डोकं फिरलं. पोरीचं नाव आधीच चार तालुक्यांत वाढलेलं होतं आणि ते तिनं वाढवलेलं नव्हतं. मी त्यांना कलमं वाचून दाखवली. बाईची अब्रू घेणारं चित्रण केलं, पसरवलं, तर काय होतं तेही सांगितलं. कायदा कागदावर आहे आणि चांगला आहे. साहेब कंटाळून तक्रार लिहून घ्यायला बसले.

पण लिहिणार कुणावर? व्हिडिओ ज्या नंबरावरून पडला, तो गेल्या हंगामात येऊन गेलेल्या एका ऊसतोड मजुराच्या नावावर निघाला. सिम कोण वापरत होतं, कुणालाच ठाऊक नाही. चित्रण ज्या बाजूनं झालं होतं तिथं त्या दिवशी विश्वजीत उभा होता, हे माळावरच्या सगळ्यांनी बघितलेलं. विश्वजीतच्या घरी ऊस आहे, ट्रॅक्टर आहेत, कारखान्यात चुलते आहेत. त्याचा मोबाईल नेमका त्याच आठवड्यात विहिरीत पडला. त्यानं त्या व्हिडिओवर काहीच दाबलेलं नव्हतं, शहाणाच म्हणायचा. उरले कोण, तर हसलेले. राजेश्वरीची मैत्रीण प्रांजल त्या ग्रुपवर होती, तिनं स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. हसऱ्या चेहऱ्याच्या चित्रासमोर एकेकाचं नाव आणि नंबर स्वच्छ दिसत होता. साहेबांना तयार यादी मिळाली, त्यांची कळी खुलली.

"जे जे हासल्यात ती समदी घाला," सुभेदार म्हणाले.

"तात्या, हसणं गुन्हा नाही," मी म्हणाले. "ज्यानं केलं आणि ज्यानं पाठवलं, तो गुन्हा. हसणाऱ्यांना गोवलं तर उद्या कोर्टात टिकणार नाही. आणि टिकलं तर अजून वाईट."

"वाईट कसं?"

मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. आज राजेश्वरीसाठी हसणाऱ्यांवर केस चालली, तर उद्या पुढाऱ्याच्या व्यंगचित्राला हसणाऱ्यांवर चालेल. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वकीलबाई, पुढाऱ्याचं पुढारी बघंल. माजी पोर रोज खोलीत बसून ऱ्हातीया." माझं म्हणणं पुढं खरंही झालं. महिनाभरात एका नेत्याचे कार्यकर्ते ठाण्यात आले. त्या नेत्याची भाषणात जीभ घसरली होती, त्या व्हिडिओला हसलेल्यांची यादीच त्यांनी आणली होती. सुभेदारांच्या पोरीची तक्रार घेतली ना, मग आमची पण घ्या, असं म्हणत होते.

पण त्या दिवशी यादी वाचता वाचता सुभेदार एका नावावर अडखळले. प्रथमेश. "हे ऱ्हाऊ द्या," ते हळूच म्हणाले. "ह्यो तसला न्हाई. ह्याचं बोट सवयीनं गेलं आसंल."

राजेश्वरी तोवर एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, "त्येचं आदी घाला."

प्रथमेश हे सुभेदारांचं सगळ्यात चांगलं पोर. विहाराच्या मागं त्याचं घर, बाप लहानपणीच गेला, आई चंद्राबाई डाळिंबाच्या सौद्यात माल निवडायला जाते. पोरगं असं पळायचं की सुभेदार शिट्टी वाजवायची विसरायचे. त्याची अग्निवीरची शारीरिक चाचणी झाली होती, लेखी झाली होती, मेडिकल झालं होतं. आता फक्त पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला जायचा होता, की तो फौजेत गेलाच. वयात बसणारी ही त्याची शेवटची भरती होती. आणि दाखला ज्या ठाण्यातून जायचा, त्याच ठाण्यात त्याचं नाव गुन्ह्यात पहिलं लागलं. राजेश्वरीनं पहिलं त्याचंच का घालायला लावलं, हे मला तेव्हा समजलं नाही. वाटलं, राग आहे, कुठंतरी निघतोय.

केस सुरू झाली आणि दाखला अडकला. बाकीच्या हसलेल्यांना विशेष फरक पडत नव्हता. त्यांतले काही भरती सोडून पुण्याला कंपनीत लागले, काहींना तर केस आहे हे मिरवायलाच बरं वाटायचं. एकट्या प्रथमेशचं सगळं त्यावर टांगलेलं होतं. एक दिवस चंद्राबाई माझ्या ऑफिसात आल्या. सौद्यातून तशाच आल्या होत्या, हाताला डाळिंबाचे काळे डाग, पदरानं पुसत होत्या आणि ते जात नव्हते.

"आवं बाई, पोरगं हासलं आसंल. हासायचंच वय हाय त्येचं. म्या त्येला थोबडला बी. पन ज्येनं केलं त्यो गाडी उडवत फिरतोय, आन् आमचंच पोर तेवढं घावलं व्हय तुमच्या कायद्याला?"

मी त्यांना वाट तेवढी सांगितली. कोल्हापूरला आता हायकोर्टाचं बेंच आलंय, मुंबईला जायला नको. तक्रारदारानं लिहून दिलं की या मुलाविरुद्ध माझी तक्रार नाही, तर तिथं अर्ज करून त्याच्यापुरता गुन्हा रद्द करून घेता येईल. एरवीही तो सुटेलच, हसल्याची शिक्षा कुठलंच कोर्ट देणार नाही. पण त्याला वेळ लागेल, आणि फौज तोवर वाट बघत बसणार नाही. सगळं राजेश्वरीच्या एका सहीवर होतं.

सुभेदारांनी तिची किती मनधरणी केली मला माहीत नाही. ते एवढंच म्हणाले, "यील ती. करंल सही. त्येच्या तोंडनं एकदा आयकायचंय म्हंती."

ते सगळे माझ्या ऑफिसात दुपारी आले. चंद्राबाई, प्रथमेश, सुभेदार आणि मागं राजेश्वरी. तिला मी बऱ्याच दिवसांनी घराबाहेर बघत होते. तोंडाला ओढणी घट्ट बांधलेली, डोळे तेवढे उघडे. गावात आल्यावर आमच्याकडच्या पोरी उन्हासाठी ओढणी बांधतात, पण ऑफिसात आल्यावर सोडतात. हिनं सोडली नाही. प्रतिज्ञापत्र मी टाईप करून टेबलावर ठेवलं होतं. प्रथमेश दाराजवळ सावधानमध्ये उभा होता, त्याला दुसरं कसं उभं राहायचं हे बहुतेक येतच नसावं.

"सांग रं तिला," सुभेदार म्हणाले. "हजेरीच्या सवयीनं दाबलंस म्हनून. न बघता. माजीच सवय लागल्याली हाय ती, राजू. म्याच लावली पोरास्नी."

राजेश्वरीनं त्याच्याकडं बघितलं. "बघितला हुतास का?"

चंद्राबाईंनी त्याला कोपरानं ढोसलं.

"बघितला," तो म्हणाला.

"पुरा?"

"पुरा. परत एकदा लावला."

"आरं मुडद्या!" चंद्राबाईंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. "काय बोलतुयास?"

"मग?" राजेश्वरी म्हणाली.

"हासलो."

"मी हाय ते ठावं हुतं?"

"व्हय. सगळी हासत हुती. त्येंच्यात बसलो हुतो. तू हाईस ते डोळ्याम्होरं हुतं, तरी हासलो. का ते म्हायती न्हाई, राजू. लय इचार केला. न्हाई सापडत."

सुभेदारांनी खाली मान घातली. मला त्या पोराचा इतका राग आला की सांगता येत नाही. हसल्याचा नाही. अरे, एक साधं खोटं बोलायचं होतं. साक्षीदार कोर्टात शपथ घेऊन रोज बोलतात, तेवढं तुला जमलं नाही का?

राजेश्वरीनं ओढणी सोडली. तिचं तोंड किती उतरलंय ते मला तेव्हा दिसलं.

"त्या दिशी रेषेच्या म्होरं म्या उभी ऱ्हायले," ती म्हणाली. ती माझ्याशी बोलत होती की बापाशी, कळत नव्हतं. "समदी बघत हुती. ह्येनं सवताचं जाकीट काढलं. माज्या कमरंला बांदलं. एक सबुद बोलला न्हाई. बांदलं आन् तोंड फिरवून उभा ऱ्हायला, दुसरं कुनी बघू न्हाई म्हनून. घरी गेल्यावर म्या रडले न्हाई, आप्पा. म्हनलं, असू द्या. एक तरी हाय." ती थांबली. "संध्याकाळी प्रांजलनं नावं दावली. बाकीच्यांचं मला काय बी वाटलं न्हाई. ती माजी कोन? इस्वजीतचं बी न्हाई. त्यो तसलाच हाय. ह्येचं नाव बघितलं आन् मग मला कळंना, सकाळचा खरा का संध्याकाळचा."

प्रथमेश रडत होता, पण आवाज न करता, ताठ उभा राहून. सुभेदारांनी शिकवलेलं सगळं त्या पोरात उतरलं होतं.

"खोटं बोलायचं हुतंस की रं," राजेश्वरी त्याला म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान पोरीसारखा झाला. "म्या सही करायलाच आले हुते. तू न्हाई बघितला म्हनशील, म्या खरं मानीन, आन् सही करीन. येवढ्यासाठी आले हुते."

"सुभेदार सरांनी बी तसंच सांगितलं हुतं," तो म्हणाला. "पन तुला खोटं सांगायचं व्हईना."

तिनं पेन उचललं. कागद स्वतःकडं ओढला. खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात म्हणत होते, कर बाई, कर सही. कायद्यानंही तू करावीस आणि माणुसकीनंही. तिनं पेनचं टोक कागदावर टेकवलं आणि ते तिथंच राहिलं. शाईचा एक ठिपका पडून मोठा होत गेला. मग तिनं पेन खाली ठेवलं.

"न्हाई व्हत माज्यानं, आप्पा."

सुभेदारांनी तिला एका शब्दानंही आग्रह केला नाही. त्यांनी प्रथमेशच्या खांद्यावर हात ठेवला आणि चंद्राबाईंपुढं हात जोडले. आयुष्यभर लोकांनी ज्यांना सलाम केले, ते सुभेदार डाळिंब निवडणाऱ्या बाईपुढं हात जोडून उभे होते, आणि त्या बाईला ते बघवत नव्हतं. चंद्राबाई पोराला घेऊन निघून गेल्या. शिव्याही दिल्या नाहीत त्यांनी. दिल्या असत्या तर आम्हाला बरं वाटलं असतं.

प्रथमेशच्या बरोबर पास झालेली पोरं हलगी लावून, गुलाल उधळून गावातून ट्रेनिंगला गेली. त्याची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली असेल.

मग गाव राजेश्वरीवर उलटलं. तिनं पोराची नोकरी खाल्ली, असं बाया नळावर बोलायला लागल्या. व्हिडिओ विसरले सगळे. विश्वजीत तर प्रथमेशची बाजू घेऊन ग्रुपवर लिहायला लागला, गरिबाच्या पोराला न्याय मिळाला पाहिजे म्हणून. त्याच्या त्या लिहिण्याला किती अंगठे पडले असतील! आणि पोरांनी नवीनच काढलं. राजेश्वरी रस्त्यानं दिसली की ती उभ्या जागी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरायची. हसायचं नाही, केस पडंल. बोलत काही नसत, लिहीत काही नसत, नुसतं तोंड दाबून डोळे मोठे करून तिच्याकडं बघत राहायची. शाळेतली लहान पोरंसुद्धा शिकली ते. मी तिला म्हटलं, तक्रार देऊ. ती म्हणाली, "कशाची? तोंडावर हात ठिवला म्हनून?" आणि ती बरोबर होती. हात तोंडावर ठेवू नये असं कुठल्या कलमात लिहिणार? असं कलम कुणी लिहायला घेतलं तर मीच पहिली आडवी पडेन.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या कोर्टात निकाल लागला. हसलेल्या सगळ्यांना दोषमुक्त केलं. मॅजिस्ट्रेट तरुण आहेत, अभ्यासू आहेत, त्यांनी निकाल मन लावून लिहिला होता. हसण्याचं चित्र दाबणं हे अभिरुचीला सोडून असेल, क्रूरही असेल, परंतु ज्यानं ते चित्रण केलं नाही आणि पसरवलं नाही, त्याच्या केवळ हसण्याला गुन्हा ठरवलं तर प्रत्येक नागरिकाच्या चेहऱ्यावर पहारा बसवावा लागेल. अशी वाक्यं होती. कॉलेजात असते तर मी ती वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतली असती. त्यातलं एकही वाक्य मला खोडता आलं नसतं. सगळं खरं होतं. मूळ व्हिडिओ करणाऱ्या अज्ञात इसमाचा तपास सुरू ठेवावा, असंही शेवटी होतं. तो इसम त्या दिवशी कोर्टाच्या आवारात पोरांना चहा पाजत होता.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर सुभेदारांनी मला विचारलं, "म्हंजी वकीलबाई, आमचीच पोर चुकली म्हनायची का?"

"नाही तात्या."

"मग निकाल चुकला?"

"नाही."

ते माझ्याकडं बघत राहिले. मी कागदांची पिशवी उगीच या हातातून त्या हातात घेतली.

राजेश्वरी खांबापाशी उभी होती, ओढणी बांधून. सुटलेली पोरं आरडाओरडा करत फाटकाकडं गेली, त्यांच्यातला प्रथमेश मागं राहिला. तो आता डाळिंबाच्या टेम्पोवर जातो, सांगलीला, कधी हैदराबादला. वाळला होता. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि मला वाटलं, आता हा हिला काहीतरी टाकून बोलेल, नाहीतर शिव्या देईल. तसं त्यानं काही केलं नाही.

"पळतीस का अजून?" त्यानं विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "तू?"

"न्हाई."

मी तिथून हलायला पाहिजे होतं, पण माझे पाय निघेनात.

"कोर्टानं सोडलं तुला," राजेश्वरी म्हणाली.

"व्हय."

"म्या न्हाई सोडलं अजून." ओढणीच्या वर तिचे डोळे भरून आले होते. "लय सोडायचंय रं मला. रोज ठरवती. न्हाई जमत."

प्रथमेशनं मान हलवली. फाटकाकडून पोरं त्याला हाका मारत होती, विश्वजीतनं सगळ्यांना जेवायला न्यायचं ठरवलं होतं. त्यानं तिकडं बघितलंही नाही.

"जमंल तवा सोड," तो म्हणाला. "मला आता कुठं जायाचंय?"